खुले पत्र: सामाजिक शास्त्रांच्या संशोधकांची आठवण फक्त कोर्टाच्या तारखेला नको

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि राज्यातील सर्व अकृषी विद्यापीठांचे मा. कुलगुरू यांस,

सादर नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित महाविद्यालयात मी समाजशास्त्र शिकवते आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते. नुकतेच एका विद्यापीठाचे परिपत्रक हाती आले. आंतरविद्याशाखीय संशोधनासाठी महाविद्यालयांकडून प्रस्ताव मागवले होते. ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावर काम करणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीसाठी मी लगेच अर्ज उघडला. त्यात चार रकाने सक्तीचे होते: उद्योग भागीदाराचे संमतीपत्र, अपेक्षित पेटंट, प्रोटोटाइप कोणत्या टप्प्यावर आहे, आणि उत्पादनाला बाजारपेठ कोणती. यातला एकही रिकामा सोडला तर ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही. विचारणा केली तेव्हा उत्तर मिळाले, "मॅडम, ही योजना तुमच्या विषयांसाठी नाही. तुमच्यासाठी काही आलं तर कळवू."

उत्तर देणाऱ्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे जो अर्ज ठेवला तोच ते चालवणार. हा अर्ज जिथे तयार झाला, तिथे सामाजिक शास्त्रांचे कोणी बसलेले नव्हते, हे मूळ दुखणे आहे आणि ते एका विद्यापीठापुरते नाही. 'तुमच्यासाठी काही' येण्याची वाट आम्ही बरीच वर्षे पाहत आहोत. म्हणून हे पत्र आवक-जावक विभागात न देता सर्वांसमोर ठेवते आहे.

गेल्या काही वर्षांत या राज्याचे सर्वात मोठे पेच कशावर अडले, ते आपण जवळून पाहिले आहे. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांतल्या ओबीसी आरक्षणासाठी तीन अटींची तिहेरी चाचणी लागू केली, तिच्यात मागासलेपणाची आकडेवारी जमवण्याची अट होती, आणि इंपिरिकल डेटा (प्रत्यक्ष पाहणीतून जमवलेली माहिती) हा शब्द पारावर, चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागला. ५ मे २०२१ रोजी मराठा आरक्षणाचा कायदा रद्द झाला, तोही मागासलेपणाच्या आकडेवारीची चिरफाड होऊन. मग जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगासाठी सुमारे १ कोटी ५८ लाख कुटुंबांची पाहणी झाली, जेमतेम दीड आठवड्यात. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, पालिकेचे कर्मचारी हातात मोबाइल घेऊन दारोदार फिरले. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण प्रश्न कसा विचारला की उत्तर बदलते, कोणत्या वस्तीत कोणत्या वेळी गेले की घर बंद असते, कुठल्या कुटुंबाची नोंद हमखास सुटते, हे ज्यांचे रोजचे काम आहे ती माणसे विद्यापीठांच्या विभागांत बसलेली होती.

माझे म्हणणे एवढेच आहे. राज्याला समाजाची माहिती लागते तेव्हा ती उद्याच हवी असते. ती ज्यांनी वर्षानुवर्षे शांतपणे जमवायची, त्यांना मधल्या काळात कोणी विचारत नाही.

हे असेच चालत आले आहे, असे कोणी म्हणू नये. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांना घेऊन पिंपळे सौदागर या गावाचा जमीन, कर्ज आणि मजुरी असा सांगोपांग अभ्यास केला, तो १९१७ साली प्रसिद्ध झाला. आज त्या गावात आयटीवाल्यांच्या इमारती उभ्या आहेत. शंभर वर्षांपूर्वी तिथला शेतकरी किती कर्जात होता, हे आपल्याला त्या कामामुळे कळते. १९३० मध्ये रावबहादूर काळे यांच्या देणगीतून गोखले संस्था उभी राहिली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची घरोघर पाहणी करवली. पुढे १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली, तेव्हा पहिले अध्यक्ष गाडगीळ होते आणि सदस्य-सचिव जे. पी. नाईक. दोघेही महाराष्ट्राचे. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी देशातले दारिद्र्य मोजले. त्यानंतर लगेच आलेल्या १९७२च्या दुष्काळात या राज्यात रोजगार हमी उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मराठवाडा आणि विदर्भाचा अनुशेष किती, हे १९८४ मध्ये दांडेकर समितीने तीन हजार कोटींहून अधिक रकमेत मांडून दाखवले. त्या अहवालाच्या आधारावर आमच्या भागातले लोक आजही हक्काने बोलतात.

डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत फेलोशिपवर चर्चा चालू असताना, पीएचडी करून काय दिवे लावणार, असा सवाल सत्ताधारी बाकावरून आला होता. तेव्हा तो माझ्या विद्यार्थ्यांना फार लागला. वरची सगळी नावे मी त्यांना त्याच आठवड्यात वर्गात सांगितली होती.

आता तक्रारी. सगळ्यात आधी फेलोशिपची, कारण तिच्यावर घर चालते.

नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन फेलोशिप (जेआरएफ) मिळालेल्या संशोधकाला जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. ही रक्कम योग्य आहे, पण ती मिळते मोजक्यांना. केंद्रीय विद्यापीठांत नेट नसलेल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला महिना ८,००० रुपये तरी मिळतात, आणि ते २०१२ पासून तेवढेच आहेत. राज्य विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला तेही नाहीत. अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप डिसेंबर २०२२ मध्ये बंद झाल्याचे जाहीर झाले. राहिल्या राज्य सरकारच्या संस्था: बार्टी (अनुसूचित जातींसाठी), सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी), महाज्योती (ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी) आणि टीआरटीआय (आदिवासींसाठी). या संस्थांनी माझ्या डोळ्यांदेखत शेतमजुरांच्या घरातली मुले संशोधनाला आणली. त्याबद्दल सरकारचे आभार मानायला मला कमीपणा वाटत नाही. पण २०२३ मध्ये त्यांच्यावर संख्येची मर्यादा आली, बार्टी आणि सारथीसाठी प्रत्येकी २००. निवडीसाठी २४ डिसेंबर २०२३ रोजी घेतलेल्या परीक्षेत २०१९च्या सेटचीच (प्राध्यापकपदासाठीच्या राज्य पात्रता परीक्षेचीच) प्रश्नपत्रिका आली. १० जानेवारी २०२४ची फेरपरीक्षा उमेदवारांच्या बहिष्काराने गाजली. नोंदणीच्या तारखेपासून फेलोशिप मिळावी म्हणून संशोधक आझाद मैदानात बसले. हे सगळे चालू असताना पीएचडीचा कालावधी मात्र मोजला जातच होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांनुसार सहा वर्षांची मुदत आहे, त्यापुढे मुदतवाढ. उपोषणात आणि कागदपत्रांत गेलेले वर्ष त्यातून कोणी वजा करत नाही.

मिळालेली फेलोशिप वेळेवर येते असेही नाही. गाइडची सही, संशोधन केंद्राचा शिक्का, हजेरीपट, घरभाड्याचे प्रतिज्ञापत्र आणि प्रगती अहवाल असा गठ्ठा पाठवायचा. एखादा कागद कमी निघाला की तो परत येतो आणि हप्ता पुढच्या तिमाहीवर जातो. दरम्यान मुलगा गावी जाऊन खताच्या दुकानात बसतो. अशी मुले परत आणताना माझी दमछाक होते, आणि काही परत येतच नाहीत.

दुसरी तक्रार गाइडची. नियमाने पीएचडीचे विद्यार्थी फक्त कायम शिक्षकालाच घेता येतात: प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली की नवा विद्यार्थी घेता येत नाही. महाविद्यालयात संशोधन केंद्र चालवायचे तर किमान दोन पीएचडीधारक शिक्षक लागतात. आमच्या भागात समाजशास्त्राच्या, राज्यशास्त्राच्या, इतिहासाच्या विभागात कायम माणूस एकच उरलेला आहे, बाकी सगळे सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. तो एक निवृत्त झाला की जागा भरत नाहीत, केंद्राची मान्यता जाते, आणि त्या तालुक्यातल्या मुलीला पीएचडीसाठी जिल्ह्याच्या किंवा विद्यापीठाच्या गावी राहावे लागते. मुलींच्या बाबतीत याचा अर्थ बहुतेक वेळा शिक्षण थांबणे असाच होतो. सीएचबीवरच्या शिक्षकाकडे स्वतःची पीएचडी असते, अनुभव असतो, पण त्याला कोणाचा गाइड होता येत नाही.

तिसरी गोष्ट मी जरा सविस्तर सांगते, कारण फील्डवर्क म्हणजे काय, हे अर्ज तयार करणाऱ्यांना ठाऊक असावे असे वाटते.

माझी ती विद्यार्थिनी बीडकडून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या टोळ्यांतल्या बायकांच्या कामाचा अभ्यास करते. उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, नवरा-बायकोच्या जोडीला मिळते. त्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. टोळी दसरा-दिवाळीच्या सुमारास निघते. पहाटे अंधारात तोड सुरू होते. बाई दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, गाडी भरते. तिच्याशी बोलायचे तर रात्री कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीवर, चूल पेटल्यानंतर. नवरा किंवा मुकादम जवळ असला की उचल किती घेतली, याचे एक उत्तर मिळते; पाण्याला जाताना ती एकटी असली की दुसरे. हे माझ्या विद्यार्थिनीच्या दुसऱ्या मोसमात लक्षात आले. मग तिने पहिल्या मोसमातला तो भाग बाजूला ठेवला आणि पुन्हा सुरुवात केली. आजारपणाचा खाडा पडला की किती पैसे कापले जातात, हा हिशेब तिला मुकादमाच्या वहीतून मिळाला नाही, बायकांच्या तोंडून मिळाला. दहा दिवसांच्या पाहणीत हे कधीच सापडणार नाही.

हे ती कशावर करते? एसटीचे तिकीट, झेरॉक्स आणि रिचार्जचा खर्च ती स्वतःच्या सीएचबीच्या मानधनातून करते, आणि ते मानधनही काही महिन्यांनी एकदम मिळते. गाळपाचा हंगाम आणि महाविद्यालयाचे सत्र एकाच वेळी असते. फील्डवर गेली तर तास बुडतात, तास बुडले तर पैसे नाहीत. यूजीसीची शिक्षकांसाठीची लघुशोध प्रकल्प योजना बाराव्या पंचवार्षिक योजनेबरोबर संपली, त्यामुळे आधार द्यावा म्हटले तर माझ्या हातीही निधी नाही.

बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, ही आकडेवारी २०१९ मध्ये सरकारी पाहणीतून समोर आली. स्थानिक पत्रकारांनी आणि महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर ती पाहणी झाली. त्या बायकांच्या गावाशेजारी महाविद्यालये आहेत, त्यांत समाजशास्त्राचे विभाग आहेत. त्या विभागांना दरवर्षी एका हंगामाच्या फील्डवर्कचा खर्च मिळत असता, तर ही गोष्ट कितीतरी आधी नोंदली गेली असती, असे मला मनापासून वाटते. हा विचार मला अस्वस्थ करतो.

आता सहकार्याबद्दल. कागदावर आमच्याकडे त्याची कमतरता नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची भेट जवळ आली की सामंजस्य करार होतात, फोटो निघतात, फाइलला लागतात. त्यानंतर दोन्हीकडून कोणी फोनसुद्धा करत नाही. खरे सहकार्य होते ते वेगळ्याच रीतीने. मोठ्या शहरातल्या संस्थेला आमच्या भागातली माहिती हवी असते. मग आमचे विद्यार्थी अन्वेषक म्हणून रोजंदारीवर घेतले जातात. ते गावात ओळख काढून देतात, बोलीतले शब्द समजावून सांगतात, रात्री उशिरापर्यंत प्रश्नावल्या तपासतात. वर्षभराने शोधनिबंध येतो, त्यात त्यांचे नाव नसते. जमवलेली माहिती त्यांना स्वतःच्या प्रबंधासाठी मागूनही मिळत नाही. आमच्या मुलांना सहलेखक होता येईल इतके शिकवा, त्यांच्याबरोबर विश्लेषण करा, एवढी अपेक्षा जास्त आहे का?

हे जमू शकते, याचा दाखला आपल्याच विभागाकडे आहे. जानेवारी २०१६ मध्ये आपल्या विभागाने आयआयटी मुंबईच्या सोबतीने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले. अभियांत्रिकी महाविद्यालये जिल्हा प्रशासनाशी जोडली गेली, पाणी, रस्ते, ऊर्जा अशा स्थानिक प्रश्नांचा अभ्यास विद्यार्थी आणि शिक्षकांनी करायचा ठरले. मला ती कल्पना फार आवडली. पण पाणीपुरवठ्याच्या योजनेत नळ कुठवर गेला, हे अभियंता सांगेल. नळ आला तरी कोणत्या वस्तीतल्या बायका अजून हंडा घेऊन का जातात, हे सांगायला समाजशास्त्राचा विद्यार्थी लागतो. दोघांना एका पथकात घालायला काय हरकत होती?

तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे. धाराशिवला विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. गोवंडीला लोकसंख्या विज्ञान संस्था, पुण्याला गोखले संस्था आणि राज्याची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था यशदा, आणि मुंबई विद्यापीठाच्या आवारात सामाजिक विज्ञान परिषदेचे पश्चिम विभागीय केंद्र. राज्याकडे संस्था कमी नाहीत. तालुक्यातल्या संशोधकाला त्यांच्या दारापर्यंत नेणारी ठरलेली वाट नाही. परिषदेच्या कार्यशाळेचे किंवा परदेशी फेलोशिपचे परिपत्रक विद्यापीठातून महाविद्यालयात आणि महाविद्यालयातून विभागात येईपर्यंत मुदत उलटून गेलेली असते.

परदेशी विद्यापीठाबरोबर काम करायचे तर आणखी एक अडचण असते, तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. तिकडचे सहकारी पहिल्या पत्रातच विचारतात, तुमच्या संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आहे का? वैद्यकीय महाविद्यालयांत अशा समित्या असतात. सामाजिक शास्त्रांसाठी आमच्याकडे अशी समिती नाही, आणि विद्यापीठात विचारले तर कोणाकडे जायचे ते सांगता येत नाही. प्रस्ताव तिथेच थांबतो. ही समिती फक्त परदेशी लोकांच्या समाधानासाठी हवी असेही नाही. कर्जबाजारी शेतकऱ्याच्या विधवेला आपण काय विचारतो, तिचे नाव कसे झाकतो, तिने नाही म्हटले तर काय करतो, याची जबाबदारी कोणीतरी घ्यायला हवी. २०२० मध्ये परदेशी निधीचा कायदा बदलला आणि एका संस्थेने दुसरीला असा निधी देण्यावर बंदी आली. त्यामुळे शहरातल्या संस्थेमार्फत लहान संस्थेपर्यंत पोचणारी मदतही आटली. तो विषय केंद्राचा आहे हे मला माहीत आहे, पण त्यामुळे राज्याच्या मदतीची गरज वाढली, एवढे लक्षात घ्यावे.

माहितीबद्दल थोडक्यात. जिल्हा कार्यालयांतली आकडेवारी मिळवण्यासाठी माझे विद्यार्थी माहिती अधिकाराचे अर्ज करतात आणि अपिलात जातात. अर्थ व सांख्यिकी संचालनालय दर अर्थसंकल्पाआधी आर्थिक पाहणी काढते. तिच्यामागची तालुकानिहाय माहिती आम्हाला थेट मिळायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या मूळ नोंदी अनेक संशोधक अमेरिकी निधीवर चालणाऱ्या संकेतस्थळावरून घेत असत. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निधी थांबला आणि नव्या संशोधकांची नोंदणी बंद पडली. आपल्याच बायाबापड्यांनी सांगितलेली माहिती आपल्याच मुलांना मिळू नये, हे मला पटत नाही. आणि आता १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची जनगणना समोर आहे, जातनिहाय नोंदीसह. ते आकडे येतील तेव्हा जिल्ह्या-जिल्ह्यात त्यांचा अर्थ लावणारी माणसे तयार असायला हवीत. ती आत्तापासून घडवावी लागतील.

वाचनसाहित्याचेही तसेच आहे. केंद्राच्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेतून जानेवारी २०२५ पासून सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली, पण ती सरकारी व्यवस्थापनाच्या संस्थांना. महाराष्ट्रातली बहुतांश संशोधन केंद्रे चालवणारी अनुदानित महाविद्यालये त्या पहिल्या टप्प्यात बसत नाहीत. माझ्या विद्यार्थ्याने पीएचडीची नोंदणी सरकारी विद्यापीठात केली आहे, तरी महाविद्यालयाच्या संगणकावर त्याला लेख उघडता येत नाही.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमचे बहुतेक प्रबंध मराठीत आहेत. समाज प्रबोधन पत्रिका, अर्थसंवाद यांसारखी नियतकालिके मोजक्या लोकांच्या चिकाटीवर चालतात. यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची केअर यादी बंद केली. आता पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणाऱ्यांना रोखायचे आणि मराठीतल्या चांगल्या नियतकालिकांना मान द्यायचा, हे विद्यापीठांच्या हातात आले आहे. ते करा, एवढेच म्हणते.

आमच्या मागण्या अशा आहेत:

१. संशोधन प्रस्तावांच्या अर्जातून उद्योग भागीदार, पेटंट आणि प्रोटोटाइप यांची सक्ती सामाजिक शास्त्रांसाठी काढावी. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, कामगार संघटना, बचत गट किंवा स्वयंसेवी संस्था यांना भागीदार म्हणून मान्यता द्यावी. ज्या अर्जांची मुदत चालू आहे त्यांसाठी शुद्धिपत्रक काढावे. याला एक रुपयाही खर्च येत नाही.

२. प्रत्येक विद्यापीठाने सामाजिक शास्त्रांच्या संशोधकांसाठी फील्डवर्क निधी ठेवावा. प्रवास, मुक्काम, झेरॉक्स, ध्वनिमुद्रण यांचा खर्च साध्या पावत्यांवर मिळावा, आणि आगाऊ मिळावा. सीएचबीवरच्या संशोधकाला एका हंगामाची अभ्यासरजा मानधनासह द्यावी.

३. राज्याच्या फेलोशिपचे वेळापत्रक दरवर्षी जूनमध्ये जाहीर व्हावे, हप्ता दर महिन्याला खात्यावर जमा व्हावा. नेट नसलेल्या आणि कोणत्याही संस्थेच्या योजनेत न बसणाऱ्या राज्य विद्यापीठातल्या संशोधकालाही किमान निर्वाहभत्ता द्यावा. शासनाच्या दिरंगाईत गेलेला काळ पीएचडीच्या मुदतीतून वजा करण्यासाठी आपण यूजीसीकडे शिफारस करावी.

४. सामाजिक शास्त्रांतल्या रिक्त कायम जागा भराव्यात. तोवर शेजारच्या दोन-तीन महाविद्यालयांना मिळून एक संशोधन केंद्र चालवण्याची मुभा द्यावी, म्हणजे एका निवृत्तीने केंद्र बंद पडणार नाही.

५. उन्नत महाराष्ट्र अभियानासारखी रचना कला शाखेच्या महाविद्यालयांसाठी उभी करावी. जिल्हाधिकारी कार्यालयाने दरवर्षी अभ्यासाचे विषय जाहीर करावेत, काम महाविद्यालयांना सोपवावे, मोबदला ठरवावा आणि अहवाल खुला करावा. अहवाल प्रशासनाला अडचणीचा असला तरी खुला करावा. नाहीतर या कामाला अर्थ नाही.

६. राज्याच्या निधीतून होणाऱ्या प्रत्येक पाहणीत क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्यांना श्रेय आणि माहितीचा वापर यांचा लेखी हक्क असावा. २०२४च्या मागासवर्ग आयोगाच्या पाहणीसह सर्व सरकारी पाहण्यांची, व्यक्तीची ओळख पुसलेली माहिती संशोधकांना एका ठिकाणी मिळावी.

७. प्रत्येक विद्यापीठात सामाजिक शास्त्रांसाठी नैतिकता समिती सहा महिन्यांत स्थापन व्हावी, तिच्यात समाजातले सदस्य असावेत, आणि संलग्न महाविद्यालयांचे प्रस्ताव तिने ठरलेल्या दिवसांत निकाली काढावेत.

८. नोंदणीकृत पीएचडी विद्यार्थ्याला, तो कोणत्याही महाविद्यालयात असो, विद्यापीठाच्या ई-नियतकालिकांत घरून प्रवेश मिळावा आणि राज्यातल्या सर्व विद्यापीठ ग्रंथालयांत चालणारे एकच ओळखपत्र द्यावे.

संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्राच्या अनुसंधान प्रतिष्ठानासाठी २०२३ ते २०२८ या काळात ५०,००० कोटी रुपयांचा अंदाज मांडला आहे. विज्ञान-तंत्रज्ञानाशी जोडलेल्या सामाजिक शास्त्रांनाही त्या प्रतिष्ठानाच्या कायद्यात जागा आहे. त्यातला वाटा मिळवण्यासाठी आपल्या विद्यापीठांतून आत्तापर्यंत सामाजिक शास्त्रांचे किती प्रस्ताव गेले, ही यादीही कुलगुरूंनी जाहीर करावी. किती नाकारले गेले, यापेक्षा किती पाठवलेच नाहीत, हे मला जाणून घ्यायचे आहे.

या पत्राला लेखी उत्तर मिळावे. चर्चेला बोलावणार असाल तर बैठक छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा धाराशिवला ठेवावी, कारण बहुतेक संशोधकांना मुंबईचा प्रवास आणि मुक्काम परवडत नाही. तारीख दसऱ्याच्या आधीची असावी. त्यानंतर टोळ्या निघतात, आणि त्यांच्यावर काम करणारे विद्यार्थी तेव्हा बैठकीला येऊ शकणार नाहीत.

आपली,
समाजशास्त्राची सहयोगी प्राध्यापक व संशोधन मार्गदर्शक, मराठवाडा